माध्यमिक शिक्षणाची अपेक्षित वर्षे आणि सीमाभागातील आपली मुले

(बीदर जिल्ह्यातील एका मराठी शाळेत भरलेल्या शिक्षक-पालक मेळाव्यात एका सेवानिवृत्त मुख्याध्यापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषणासाठी जो विषय देण्यात आला आहे तो ऐकावयास जरा जड आहे. ‘माध्यमिक शिक्षणाची अपेक्षित वर्षे.’ निमंत्रणपत्रिका वाचून माझ्या शेजारच्या एका शेतकरी बंधूंनी मला विचारले, ‘गुरुजी, हे काही ज्योतिषाचे काम आहे काय?’ त्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. आज शाळेत पाऊल टाकणारे मूल पुढे किती वर्षे शिकेल, याचा हा अंदाज असतो खरा. परंतु तो ग्रहांवरून नव्हे, हजेरीपटावरून काढला जातो. तो कसा काढतात हे प्रथम सांगतो, कारण एकदा रीत कळली की हा हिशेब आपल्या गावापुरता आपणांसही करता येईल.

असे समजा की, एका गावात आठवीच्या वयाची शंभर मुले आहेत, नववीच्या वयाची शंभर, दहावीच्या वयाची शंभर आणि याप्रमाणे बारावीपर्यंत. त्यांपैकी आठवीच्या वर्गात ९० आहेत, नववीत ८२, दहावीत ७४, अकरावीत ५० आणि बारावीत ४४. या पाच आकड्यांची बेरीज ३४० होते. तिला शंभराने भागले म्हणजे ३.४ हा आकडा येतो. आजची परिस्थिती अशीच राहिली, तर त्या गावातील मुलाने आठवी ते बारावी या पाच वर्षांपैकी सरासरी ३.४ वर्षे शाळेत काढावीत, अशी अपेक्षा करता येते. याला अपेक्षित शालेय वर्षे म्हणतात. गावाचे आकडे मी केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत, हे ध्यानात असू द्यावे.

संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे जो मानव विकास अहवाल निघतो, त्यात २०१० पासून हे माप वापरले जाते. त्याच्या जोडीला पंचवीस वर्षांवरील प्रौढांनी प्रत्यक्षात सरासरी किती वर्षे शिक्षण घेतले, याचाही आकडा दिलेला असतो. एक आकडा आईबापांचा आणि दुसरा लेकरांचा, असे म्हणावयास हरकत नाही. २०२५ च्या अहवालाप्रमाणे भारतात आज शाळेत जाणाऱ्या मुलाची अपेक्षित वर्षे १३ आहेत. १९९० साली ती ८.२ होती. ही वाढ लहान नाही. एका पिढीत जवळजवळ पाच वर्षांची भर पडली आहे. शाळेच्या खोल्या, शिक्षक, मध्यान्ह भोजन, रस्ते आणि मुलीस शाळेत पाठविण्याची पालकांची तयारी, हे सर्व त्या पाच वर्षांत आले.

परंतु ही वर्षे मुख्यत्वे खालच्या वर्गांत वाढली. वरच्या वर्गांकडे आले की चित्र पालटते. देशभरातील शाळांची माहिती केंद्रीय शिक्षण मंत्रालय दरवर्षी गोळा करते. २०२१-२२ च्या माहितीत सहावी ते आठवीसाठी पटनोंदणीचे प्रमाण ९४.७ टक्के होते, नववी-दहावीसाठी ७९.६ आणि अकरावी-बारावीसाठी ५७.६. जागतिक हिशेबात सहावीपासूनचे शिक्षण माध्यमिक धरले जाते, म्हणजे एकूण सात वर्षे. मघाची रीत येथे लावली तर सातांपैकी साडेपाच वर्षांहून थोडे अधिक पदरात पडतात. सुमारे १.४२ वर्षांची तूट राहते आणि त्यांपैकी १.२६ वर्षे नववीपासून पुढची असतात. नववी ते बारावी एवढाच भाग घेतला तर चार वर्षांपैकी पावणेतीन.

यावर एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पावणेतीन वर्षे शिकलेले मूल आपणांस कोठेही भेटणार नाही. भेटतात ती चार वर्षे पूर्ण केलेली, दोन वर्षांनी थांबलेली, आणि एकही वर्ष न मिळालेली मुले. सरासरीत ही सगळी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी असतात, म्हणून आकडा बरा दिसतो. शिवाय हा आकडा पटावरील नावे मोजतो, बाकावरील मुले मोजत नाही. नापास होऊन नववीतच दुसऱ्यांदा बसलेला मुलगा यात आणखी एका वर्षाची भर घालतो, पण त्याचे शिक्षण एका वर्षाने पुढे गेलेले नसते. येथे सोयाबीनची काढणी आली की, किंवा पौषात तूर कापणीस आली की, वरच्या वर्गांत किती जागा रिकाम्या दिसतात ते समोर बसलेल्या शिक्षकांस मी सांगावयास नको. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात तेव्हा तर मुलाचे नाव पटावर आणि मूल फडात, असे चार-पाच महिने चालते. तेव्हा अधिकारी बंधूंना माझी विनंती अशी की, त्यांनी हा आकडा वापरावा, पण त्यावर विसंबून राहू नये.

आता आपल्या भागाकडे येतो. बीदर आणि कलबुर्गी हे जिल्हे शिक्षणात मागे का, याचे उत्तर एका पिढीत सापडत नाही. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. मराठी किंवा कन्नड मुलाला प्राथमिक शाळेत मातृभाषा मिळाली तर मिळे. माध्यमिक शिक्षणाचे माध्यम मात्र उर्दू होते. म्हणजे वरच्या शाळेच्या दाराशीच भाषा बदले, आणि बहुतेकांचे शिक्षण त्या दाराशी संपे. ज्यांनी त्या काळात खाजगी शाळा काढल्या त्यांचे उपकार फार आहेत. गुलबर्ग्यास १९०७ मध्ये नूतन विद्यालय निघाले. भालकीच्या हिरेमठाचे डॉ. चन्नबसव पट्टद्देवरु यांच्याविषयी असे सांगतात की, बाहेर उर्दू पाटी लावून आत ते कन्नड शिकवीत. स्वामी रामानंद तीर्थ यांना आपण हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून ओळखतो, पण ते आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिक्षक होते. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत त्यांनी गुलबर्ग्याचेच प्रतिनिधित्व केले. या माणसांपैकी कोणी मराठीसाठी झटला, कोणी कन्नडसाठी; अडचण मात्र दोघांची एकच होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. तोपर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके भालकी आणि औराद यांच्याबरोबर एकाच बीदर जिल्ह्यात होते. त्या दिवसापासून उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले आणि भालकी, औराद, हुमनाबाद, बीदर म्हैसूर राज्यात आले. नाती, बाजार आणि देव पूर्वीच्याच ठिकाणी राहिले. बीदरहून निघालेली रेल्वे आजही भालकी आणि कमलनगर करून उदगीरला जाते. कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद तालुक्याचेही तेच. एका अंगाला अक्कलकोट, दुसऱ्या अंगाला उमरगा. सीमेच्या वादाविषयी मी येथे बोलणार नाही. तो २००४ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. मुलाचे आठवीचे वर्ष मात्र न्यायालयाच्या तारखेसाठी थांबून राहत नाही.

या वर्षांची गळती सगळीकडे सारखी होत नाही. ती सांध्यांवर होते. विहिरीच्या पाण्याची पाइपलाइन मधोमध क्वचितच फुटते. गळते ती जोडावर. कर्नाटकात अनेक गावांची शाळा सातवीपर्यंत असते आणि आठवीस हायस्कुलात जावे लागते. तो पहिला जोड. दहावीच्या परीक्षेनंतर पी.यू. कॉलेजात जावे लागते. तो दुसरा. आपल्या भागात या दोन्ही ठिकाणी तीन गोष्टी एकदम बदलतात: शाळेचे अंतर, शिक्षणाचे माध्यम आणि कित्येकदा राज्यसुद्धा.

माध्यमाविषयी नीट सांगितले पाहिजे, कारण याबाबत पालकांत बरेच गैरसमज आहेत. प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय राज्यांनी करावी, असे घटनेचे कलम ३५० (अ) सांगते. हे कलम १९५६ मध्ये आले. त्याआधी १९४९ मध्ये शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत असे ठरले होते की, शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले त्या भाषेची असली तर शिक्षक द्यावा. माध्यमिक टप्प्यासाठी १९६१ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत वेगळे माप ठरले: वरच्या चार वर्गांत मिळून ६० मुले आणि प्रत्येक वर्गात १५. आता आपणच पाहा. प्राथमिकला वर्गात दहा मुले पुरतात, माध्यमिकला पंधरा लागतात. आणि मुले तर वर जाताना कमी होत असतात. ज्या गावात सातवीत चौदा मुले आहेत त्या गावाला मराठी आठवी मागताना एक मूल कमी पडते. म्हणून दोन-तीन गावांनी मिळून एकाच हायस्कुलात मुले घालावीत, हे मी गेली कित्येक वर्षे सांगत आलो आहे. चौदा, नऊ आणि अकरा अशी मुले तीन दिशांना गेली तर एकही मराठी तुकडी होत नाही. एका ठिकाणी आली तर चौतिसांची चांगली तुकडी होते. हे काम सरकारी आदेशाने होत नाही. तीन गावांच्या सरपंचांनी जानेवारी-फेब्रुवारीतच एका ओट्यावर बसावे लागते.

कर्नाटकात दहावीची परीक्षा मराठी माध्यमातूनही देता येते आणि शासनाची पाठ्यपुस्तके मराठीत छापली जातात. दहावीपुढे मात्र आपल्या बहुतेक मुलांसमोर कन्नड किंवा इंग्रजी हेच मार्ग राहतात. येथे जी मुले अडखळतात ती बुद्धीने कमी असतात असे नाही. गणिताच्या तासाला त्याचा लसावि हा ल.सा.अ. होतो, त्रिकोण हा त्रिभुज होतो आणि विज्ञानात प्रकाशसंश्लेषण हे द्युतिसंश्लेषण होते. वस्तू तीच, नाव निराळे. हे पहिल्या आठवड्यात कोणी सांगितले तर मूल हसून पुढे जाते. कोणीच सांगितले नाही तर तीन महिन्यांत ते मागच्या बाकावर जाते आणि दिवाळीनंतर घरी बसते. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांनी शास्त्रीय शब्द संस्कृतातूनच घेतले असल्यामुळे अशी दुहेरी शब्दसूची करणे अवघड नाही. दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुटीत गावातील मराठी आणि कन्नड शिक्षकांनी मिळून महिनाभर वर्ग घेतला तर पुष्कळ काम होईल. कन्नड भाषा शिक्षण अधिनियम २०१५ मध्ये झाला असून कन्नड हा विषय शाळेत आता शिकावाच लागतो. माझे मत असे की, त्याकडे ओझे म्हणून पाहू नये. मराठी घट्ट धरावी आणि कन्नड चांगली शिकावी. या मातीत दोन भाषा बोलणारा माणूस कधी उपाशी राहिलेला मी पाहिला नाही. अर्धवट दोन भाषा येणारा मात्र पाहिला आहे.

अंतराचा प्रश्न थोडक्यात सांगतो. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, पण तो सहा ते चौदा वर्षांपर्यंतच, म्हणजे आठवीपर्यंत. नववीपासून कायद्याचे संरक्षण संपते आणि योजनांचा आधार सुरू होतो. माध्यमिक शाळा पाच किलोमीटरच्या आत असावी असे धोरण २००९ च्या राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानात ठरले. कर्नाटक शासनाने २००६-०७ पासून आठवीच्या मुलांसाठी सायकलींची योजना आणली आणि तिच्यामुळे मुली हायस्कुलात पोहोचल्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ११ जून २०२३ पासून राज्याच्या बसमध्ये महिलांना आणि मुलींना तिकीट लागत नाही. मात्र फुकटची बस शाळा सुटल्यानंतर दोन तासांनी येत असेल तर आई मुलीला पाठवीत नाही, आणि त्या आईस कोणी दोष देऊ नये. ग्रामसभेने ठराव करून आगारप्रमुखांना बसची वेळ बदलण्याविषयी लिहावे. हा कागद फार लहान असतो, पण तो लिहिला जात नाही. २०११ च्या जनगणनेत कलबुर्गी जिल्ह्यातील स्त्रियांची साक्षरता ५५ टक्क्यांच्या आसपास होती, हे आपण विसरता कामा नये. आज नववीत असावयास हवी ती मुलगी त्या वेळी न शिकलेल्या एखाद्या आईची असण्याचा संभव पुष्कळ आहे.

दहावीच्या निकालासंबंधीही दोन शब्द. २०२४ पासून परीक्षा केंद्रांवर कॅमेऱ्यांची देखरेख आली आणि आपल्या भागाचे निकाल एकदम खाली आले. २०२५ च्या पहिल्या परीक्षेत दक्षिण कन्नड जिल्ह्याचे नव्वद टक्क्यांहून अधिक विद्यार्थी उत्तीर्ण झाले, तर कलबुर्गी जिल्हा राज्यात शेवटचा राहिला. तेथे निम्मी मुलेही उत्तीर्ण झाली नाहीत. पुष्कळांना याची लाज वाटली. मला विचाराल तर आधीचा निकाल हीच लाजेची गोष्ट होती. आता निदान खरा आकडा हाती आला आहे. आता वर्षात एकाहून अधिक परीक्षा होतात. पहिल्या परीक्षेत राहिलेला मुलगा त्याच वर्षी पुन्हा बसू शकतो. हे पालकांना ठाऊक नसते. निकाल लागला की दुसऱ्याच दिवशी मुलगा हैदराबादच्या किंवा पुण्याच्या गाडीत बसतो, आणि दुसऱ्या परीक्षेचा अर्ज तसाच राहतो.

ज्या सवलतींविषयी आपण नेहमी बोलतो त्यांचाही विचार येथेच करावा. घटनेच्या ३७१ (जे) कलमामुळे कल्याण कर्नाटकातील विद्यार्थ्यांना २०१३ पासून उच्च शिक्षणात राखीव जागा मिळतात. सीमाभागातील मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रातही काही व्यावसायिक अभ्यासक्रमांत जागा ठेवलेल्या असतात. म्हणजे दोन राज्यांनी आपल्या मुलांसाठी दारे उघडी ठेवली आहेत. परंतु ही दोन्ही दारे मुख्यत्वे बारावीनंतरची आहेत. आठवीस थांबलेल्या मुलाला त्यांचा उंबरठाही दिसत नाही.

आता मला जे मुख्यत्वे सांगावयाचे आहे त्याकडे येतो, आणि त्यासाठी माझीच एक चूक सांगणे भाग आहे. १९९० च्या सुमारास मी एका गावी मराठी शाळेवर होतो. सातवी झालेल्या एका मुलाचे वडील शाळा सोडल्याचा दाखला मागण्यास आले. मुलगा हुशार होता. मी विचारले, ‘कोठे घालणार?’ ते म्हणाले, ‘उदगीरला, मामाकडे.’ मी दाखला लिहिला आणि सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात ‘महाराष्ट्रात शिक्षणासाठी’ असे सुवाच्य अक्षरात भरले. माझ्या पटावर तो मुलगा गळालेला दिसला नाही. तो पुढे शिकावयास गेलेला दिसला. दोन वर्षांनी उदगीरच्या बसस्थानकाजवळ चहा प्यालो. कपबश्या विसळणारा मुलगा मान खाली घालून आत गेला. मी त्याला ओळखले होते, आणि त्यानेही मला. मामाच्या गावच्या शाळेत तो दाखला कधी पोहोचलाच नव्हता. मी एक पोस्टकार्ड टाकले असते, ‘अमुक नावाचा विद्यार्थी आपल्याकडे दाखल झाला काय?’ एवढेच विचारले असते, तर जूनमध्येच कळले असते. कार्ड त्या वेळी पंधरा पैशांना मिळे.

सीमाभागात हा रकाना फार सोयीचा आहे. ‘महाराष्ट्रात गेला’ असे लिहिले की इकडच्या शाळेची जबाबदारी संपते. तिकडच्या शाळेला तो येणार होता हे माहीतच नसते. दोन्ही राज्यांच्या नोंदी आपापल्या जागी बिनचूक राहतात आणि मूल मधल्या शिवारात हरवते. याच्या उलटही घडते. खरोखर उमरग्यात शिकत असलेली मुलगी इकडच्या कागदावर गळालेली दिसते आणि अधिकारी तिला शोधीत फिरतात. २०२२-२३ पासून देशभर प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद नावाने ठेवली जाऊ लागली असून त्याला कायम क्रमांक दिला जातो. तो क्रमांक राज्य बदलले तरी बदलत नाही. हे साधन उत्तम आहे. परंतु संगणकात मुलाचे नाव ‘प्रवेशाच्या प्रतीक्षेत’ पडून राहिले असेल तर त्याच्या घरी चालत जाण्याचे काम संगणक करीत नाही. ते शिक्षकाला आणि शेजाऱ्यालाच करावे लागते. आता पोस्टकार्डाचीही गरज उरली नाही. मुख्याध्यापकांनी पलीकडच्या मुख्याध्यापकांना फोन केला तरी पुरे.

भाषण लांबले. आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी माझ्या विनंतीवरून गेल्या वर्षी सातवी उत्तीर्ण झालेल्या मुलांची यादी आणली आहे. ती बाहेर ओट्यावर ठेवली आहे. बहुतेक नावांपुढे हायस्कुलाचे नाव आणि क्रमांक लिहिलेला आहे. चार नावांपुढे केवळ ‘महाराष्ट्रात गेला’ किंवा ‘गेली’ एवढेच आहे. शाळेचे नाव नाही. या चार घरांपैकी कोणी येथे बसले असेल तर त्यांनी चहा घेण्यापूर्वी बाईंची गाठ घ्यावी आणि शाळेचे नाव सांगावे. कोणी आले नसेल, तर त्यांच्या आळीतल्यांनी मला घर दाखवावे. माझी बस साडेपाचची आहे. तोपर्यंत मी मोकळा आहे.